शुश्रूषेचा शीण मोजताना

मावळात आजारी आजोबांना पाहायला आपण जातो, तेव्हा चहा आणून देणाऱ्या आजींची नाडी कोणी पाहत नाही. १९२४ साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजायला घेतले. शुश्रूषेचा शीण मोजला जायला मात्र आणखी काही दशके लागली.

१९९५ मध्ये अमेरिकेत, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम (अर्थात संमतीने) केली गेली. ती भरायला समवयस्क स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले! तेथीलच १९९९ च्या अभ्यासात, शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्या वृद्ध पती-पत्नींत चार वर्षांतील मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. आम्हांला याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की शुश्रूषा करूनही ताण न जाणवणाऱ्यांत अशी ठळक वाढ दिसली नाही.