खाजणांतील वाट

मुंबईहून पनवेलकडे मोटारीनें जाणारा प्रवासी ठाण्याची खाडी कांहीं मिनिटांत ओलांडतो. खालीं चिखल आणि कडेला तिवरांची झाडी पाहून ‘ही ओसाड दलदल’ असा शेरा तो सहज मारतो. परंतु शिरवणें व बेलापूरपट्टींतील शेजारचीं गांवें ज्या खाजणांच्या आधारानें जगलीं, तीं माणसांनीं घडविलेलीं होतीं, हें त्या वेगांत त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

ह्या किनाऱ्यास उधाणाचें पाणी चार मीटरांहून अधिक चढतें. तें थोपविण्यासाठीं शेतकरी चिखलमातीचा बांध घालीत व त्यांत लांकडी झडपेची उघाडी बसवीत. ओहोटीस आंतलें पाणी झडप लोटून बाहेर पडे. भरती येतांच समुद्रच ती मिटवी. मग पावसाळ्यामागून पावसाळे मातींतील मीठ धुऊन नेत, तेव्हां कोठें भाताचें पीक उभें राही. बांधाचा माथा हीच दलदलींतील वाट. खेंकड्याच्या एका बिळानें बांध फुटला, तर साऱ्यांचींच शेतें खारीं होत. म्हणून डागडुजीस साऱ्यांनींच जावें लागे. ह्या बांधांच्या रक्षणासाठीं 1948 सालीं मुंबई सरकारास स्वतंत्र खारजमीन कायदा करावा लागला.

पुढें 17 मार्च 1970 रोजीं सिडकोची स्थापना झाली. ठाणें, पनवेल व उरण भागांतील 95 गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. 1973 सालीं खाडीवरील पूल खुला झाला. मोबदल्याच्या प्रश्नावर जानेवारी 1984 मध्यें दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं उरण भागांत आंदोलन पेटलें. गोळीबारांत पांच जणांचा बळी गेला. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. तथापि एकत्र येऊन बांध राखण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत कोणत्याहि भूखंडानें परत मिळण्याजोगी नव्हती.

राखणदार गेल्यावर कित्येक बांध फुटले व जुन्या शेतांत तिवरें वाढलीं. 2005 सालीं उच्च न्यायालयानें त्यांच्या तोडीस मनाई केली. 2022 सालीं ठाण्याच्या खाडीस रामसर स्थळाचा मान मिळाला. हें सर्व इष्टच होय. मात्र ह्या पाणथळीचें वर्णन करतांना ती सदैव निर्मनुष्य होती असें लिहिणें, हा ज्यांनीं समुद्र अडवून येथें धान्य पिकविलें त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.