पोरगा आणि पोऱ्या

दोन शब्द आहेत. पोरगा आणि पोऱ्या. खोड एकच, 'पोर'. शब्दकोश घेऊन बसलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल दोन्हींचा अर्थ एकच, लहान वयाचा मुलगा. मग त्याला घेऊन बोईसर स्टेशनाबाहेर या आणि टपरीवाल्याला त्याच्या लेकाबद्दल विचारा. तो म्हणेल, 'माझा पोरगा दहावीला हाय.' आणि त्याच दमात मागं वळून हाळी देईल, 'ए पोऱ्या, दोन कटिंग!' पोरगा पंधराचा, पोऱ्याही पंधराचा. एकाचं दप्तर घरी, दुसऱ्याच्या हातात चहाची किटली. अर्थ एकच असता तर टपरीवाल्याला दोन शब्द कशाला लागले असते?

कुणी आगरी, कोळी किंवा खानदेशी वाचक म्हणेल, आमच्यात तर आईच लेकाला लाडानं पोऱ्या म्हणते. बरोबर आहे. शब्दात विष नाही. 'माझा पोऱ्या' म्हटलं की त्या शब्दाला घर मिळतं. 'हॉटेलातला पोऱ्या', 'गॅरेजातला पोऱ्या' म्हटलं की त्याला मालक मिळतो. मी बोलतोय तो या दुसऱ्या पोऱ्याबद्दल.

पोरगा वाढतो. पोरग्याचा तरणा होतो, तरण्याचा बाप्या होतो, बाप्याचा म्हातारा. पोऱ्या मात्र वाढत नाही, कारण ते वय नाहीच, तो हुद्दा आहे. चाळिशीचा, मिशीत पांढरे केस आलेला माणूस टेबल पुसत असला तरी गिऱ्हाईक त्याला पोऱ्याच म्हणतं. पोरगा म्हणताना आपण वर्षं मोजतो. पोऱ्या म्हणताना मोजत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्याच फरकावर आहे. हा फरक बोलण्याच्या सवयीतनं आला नाही. तो इतिहासातनं आलाय. तोच सांगतो.

आधी गाव. महारकीचं वतन माणसावर नव्हतं, घरावर होतं. सरकारी काम, पाटलाचं काम, सांगावा, ओझं, येसकराची पाळी, घराची पाळी आली की घरातनं कुणीतरी गेलंच पाहिजे. बाप तापानं फणफणला असला तर पोरगं जाई. त्या चाकरीला भरतीचं वय नव्हतं आणि सुटायचंही वय नव्हतं. जन्मला तो कामाला आला, मेला तो सुटला. ज्या चाकरीत वय विचारतच नाहीत तिथं लहानपण कुठनं येणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. तेव्हा ते मंजूर झालं नाही. ही वतनं कायद्यानं मोडली ती १९५८ साली. म्हंजे माझ्या आज्याचं बालपण त्या वतनाखालीच गेलं.

आता माझा हा मुलूख. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्याआधी हे सगळं ठाणे जिल्ह्यात. डहाणू, तलासरी आणि पुढं गुजरातेत गेलेलं उंबरगाव, हा वारल्यांचा पट्टा. इथं आणखी एक शब्द बघा, गडी. खेळात जोडीला घेतो तो गडी. सवंगडी म्हणतो त्यात तोच गडी. तरणाबांड गडी म्हणतो तेव्हा छाती पुढं येते. आणि दुसऱ्याच्या घरी राबतो तोही गडीच, घरगडी. इथल्या जमीनदारांनी याच शब्दाला लग्न जोडलं आणि शब्द केला 'लग्नगडी'.

लग्नगडी म्हंजे काय? वारल्याच्या तरण्या पोराचं लग्न ठरलं की पैसा लागे. पैसा सावकाराकडं, आणि सावकार म्हंजेच जमीनदार. तो लग्नापुरती रक्कम देई. ती फेडायची अंगमेहनतीनं. हिशेब जमीनदाराच्या वहीत, आणि ज्याच्यावर कर्ज त्याला वाचता येत नाही. मग कर्ज फिटतच नसे. नवरा राबे, बायको राबे, पोरं कळती झाली की तीही राबत. जगात सगळीकडं लग्न म्हंजे पोरगा आता मोठा झाला याची खूण. इथं लग्न झालं की माणूस जन्माचा पोऱ्या होई. नवरदेव म्हणून मांडवात उभा राहिला तो लग्नगडी होऊनच बाहेर पडला.

१९४५ साली किसान सभेनं हे बांधकाम हलवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात वारल्यांची सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. मग गावोगाव लग्नगडी मालकाच्या घरनं निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासंगं आणखी चार जण मेले. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलंय, १९७० साली आलं. बंदुका कशासाठी चालल्या हे ध्यानात घ्या. तरण्या माणसानं आपलं तरुणपण मालकाच्या वहीतनं परत मागितलं, यासाठी. वेठबिगारीची पद्धत सगळ्या देशात मोडणारा कायदा त्यानंतर एकतीस वर्षांनी आला, १९७६ ला.

हे झालं गावाचं आणि रानाचं. आता गिरणी. माझं पोट गिरणीवर चालतं, म्हणून इथं जरा बसतो.

मुंबईत गिरण्या सुरू झाल्या त्या १८५० नंतरच्या दहा वर्षांत. त्यात पोरं होतीच. रिंग खात्यात भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या, त्याला डॉफर म्हणतात. हात बारीक आणि पगार कमी, म्हणून त्या कामाला पोरं घ्यायचे. कायदा नव्हता. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ साली पोरांच्या आणि बायांच्या कामाला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा मांडला. पहिला फॅक्टरी कायदा झाला १८८१ ला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनाही इथल्या स्वस्त मजुरीची धास्ती होती, त्यांचाही रेटा होता. म्हंजे सगळं दयेपोटी झालं असं नाही. पण झालं. सात वर्षांखालचं पोर घ्यायचं नाही. सात ते बारा म्हंजे 'बाल', त्याच्याकडनं दिवसाला नऊ तासांवर काम घ्यायचं नाही.

सात वर्षं आणि नऊ तास! वाचताना अंगावर काटा येतो. तरी मी म्हणतो, पोऱ्यासमोर पहिल्यांदा आकडा लिहिला गेला तो इथंच. वतनानं कधी आकडा लिहिला नव्हता. सावकारानं लिहिला तो फक्त कर्जाचा. आकड्याचं बरं असतं. आकड्याशी भांडता येतं.

आणि माणसं भांडली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ ला गिरणी कामगारांची सभा घेतली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. रविवारची सुट्टी मागितली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, पगार वेळेवर मागितला. रविवार मिळाला १८९० च्या जूनमध्ये. पाठोपाठ १८९१ चा कायदा आला. आता नऊ वर्षांखाली बंदी, नऊ ते चौदा 'बाल', सात तास. १९२२ ला बंदी बारापर्यंत गेली, बारा ते पंधरा 'बाल', सहा तास. सात, नऊ, बारा. चाळीस वर्षांत आकडा पाच वर्षं वर चढला. एकेका वर्षासाठी आठ वर्षं लागली.

मालक आणि मुकादम गप्प बसले नव्हते. अर्ध्या दिवसाचं पोर सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत लावायचं, ही युक्ती निघाली. म्हणून १९२२ च्या कायद्यात त्याला बंदी घालावी लागली आणि १९२६ ला आईबापालाही दंड ठेवावा लागला. वय कसं ओळखायचं हीही पंचाईत होती. गरिबाच्या जन्माची नोंद कुठं? इंग्लंडातही हीच अडचण होती. तिथं १८३७ ला एका दातांच्या डॉक्टरनं पुस्तिका काढली की पोराचं वय दातांवरनं ओळखा. बैल बाजारात घेताना शेतकरी तोंड उघडून बघतो, तसं.

मग आला १९३४ चा कायदा. यात 'बाल'च्या पुढं दुसरा शब्द बसवला. पंधरा ते सतरा वर्षांचा जो, ज्याला आपण मराठीत किशोर म्हणतो. त्याच्यापाशी डॉक्टरचा दाखला असेल की हा मोठ्या माणसाचं काम करू शकतो, तर तो मोठा. दाखला नसेल तर तो 'बाल'च. किशोर हा शब्द कानाला गोड लागतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासनं निघतं, गोष्टींचं, चित्रांचं. तोच शब्द कारखान्याच्या कागदावर आला की त्याचा अर्थ होतो, या पोराला पूर्ण पाळी लावायची की नाही? एकाच्या हातात मासिक, दुसऱ्याच्या हातात डॉक्टरचा दाखला. पोरगा आणि पोऱ्या परत वेगळे झाले, या खेपेला चांगल्या मराठीत.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते तेव्हा १९४६ ला कामाचा आठवडा ५४ तासांवरनं ४८ वर आला. घटनेच्या २३ व्या कलमानं वेठ बंद केली आणि २४ व्या कलमानं चौदा वर्षांखालच्या पोराला कारखाना, खाण आणि धोक्याचं काम बंद केलं. माझ्या हिशेबानं ही दोन कलमं शेजारी आहेत ते बरोबरच आहे. वेठ आणि पोऱ्या ही एकाच घरातली भावंडं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं बाल म्हंजे पंधराच्या आतला, किशोर म्हंजे पंधरा ते अठरा असं ठरवलं. १९८६ ला बालकामगारांचा वेगळा कायदा आला. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदाखालच्या पोराला सगळीच कामं बंद केली आणि चौदा ते अठराच्या किशोराला धोक्याची कामं बंद केली. पण एक फट ठेवली, शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत चालेल. घरचा धंदा म्हंजे स्वतःचा. पण वीटभट्टीवर मजुरी ठरते हजार विटांवर आणि उचल दिली जाते अख्ख्या जोडप्याला. तिथं ओली वीट उलटी करणारं आठ वर्षांचं पोर 'घरच्यांना मदत करतंय' असं भट्टीवालाच सांगतो. वतनही घरावरच होतं, विसरू नका.

आता आमच्या बोईसर-तारापूरचं. अणुवीज केंद्र १९६९ ला चालू झालं, मग औद्योगिक वसाहत वाढली, कापड, रंग, औषधं, लोखंड. मी सोळाव्या वर्षी एका गिरणीत ठेकेदारामार्फत लागलो. तेव्हा कायदा मला किशोर म्हणत होता आणि सोळाच्या पोराला रात्रपाळी त्यात बंद होती. ठेकेदाराच्या रजिस्टरानं मला अठराचा मोठा माणूस केलं. पहिल्याच आठवड्यात मी रात्रपाळी केली. आणि खात्यात हाक काय? 'ए पोऱ्या.' एकाच रात्री मी कायद्यात किशोर, कागदावर प्रौढ आणि तोंडावर पोऱ्या. काम मोठ्याचं आणि हाक लहानाची. तिसरा शब्द बाकी दोन्हींना खाऊन बसतो. आज मी सव्वीसचा आहे, हाक तीच आहे. नवीन भय्या पोरांना 'छोटू' म्हणतात, एवढाच बदल.

वयाचा पुरावाही आमचा कसा? आमच्या वस्तीत कितीतरी जणांचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं लिहिलेला. तोच दाखल्यावर, तोच आधार कार्डावर. ज्यांच्या जन्माची तारीख लिहायला कुणाला सवड नव्हती, त्यांचं वय ठेकेदार बदलतो तेव्हा आवाज होत नाही. म्हणून म्हणतो, तारखेला हलकं समजू नका. १ जून खोटा असेल, पण त्याच्याजवळचं साल हे आपलं हत्यार आहे. पोरं शाळेत घालताना खरी तारीख सांगा. झेरॉक्स घरात ठेवा. ठेकेदारानं रजिस्टरात काय लिहिलं ते अंगठा उठवण्याआधी वाचा.

काही मित्र म्हणतात, शब्दानं काय होतं, पगाराचं बोल. पगाराचंच बोलतोय. पोऱ्याला पगार नसतो, त्याला 'काहीतरी' देतात. जेवण देतात, जुना शर्ट देतात, दिवाळीला पन्नास रुपये देतात. पगार मागायला आधी कामगार व्हावं लागतं, आणि कामगार व्हायला आधी नाव आणि वय लागतं. लग्नगडी मालकाच्या दारातनं निघाला तेव्हा त्यानं आधी हेच केलं, मी तुझा गडी नाही असं म्हणाला. मजुरीचा दर त्यानंतर मागितला.

तेव्हा दोस्तांनो, चहा मागवताना त्या पोराला नाव विचारा. नाव कळलं की वय विचारा. चौदाच्या आत असेल तर चहा राहू द्या, १०९८ वर फोन करा, तो फुकट लागतो. आणि खात्यात कुणी तुम्हाला पोऱ्या म्हटलं तर भांडू नका, नुसतं नाव सांगा. पुन्हा म्हटलं तर पुन्हा सांगा. वारल्यांनाही एका दिवसात जमलं नव्हतं.