रायफलची दुर्बीण
रायफलीवर बसवून नेम धरण्याचे भिंगांचे साधन. 4×32 या खुणेत 4 हे वर्धन आणि 32 हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. भागाकार 8 मिमी. तेवढ्या रुंदीचा प्रकाश डोळ्याकडे येतो. 24 पट वर्धनाच्या 50 मिमी दुर्बिणीत तो जेमतेम 2 मिमी उरतो. म्हणून कागदी लक्ष्यावर दिवसाउजेडी मोठे वर्धन चालते, कातरवेळी लहानच बरे. स्प्रिंगच्या एअर रायफलीला पुढे-मागे दोन्ही दिशांचा धक्का सोसणारी, 10 मीटरवर स्पष्ट दाखवणारी दुर्बीण लागते.

ऑलिंपिकच्या 10 आणि 50 मीटर रायफल प्रकारांत मात्र दुर्बिणीला मनाई आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले, ते बारीक छिद्राच्या पीप साइटवर. 50 मीटरवरचे दहाचे वर्तुळ अवघे 10.4 मिमीचे असते. होतकरू नेमबाजाने दुर्बिणीवर पैसे घालण्याआधी हा नियम जरूर पाहावा.

शिकारीसाठी दुर्बीण निवडण्याचा प्रश्न भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील 1991 च्या दुरुस्तीनंतर उरलेला नाही. सोयाबीन-हळदीच्या शेतात घुसणाऱ्या रानडुकरावरही कलम 11 खालील लेखी आदेशाशिवाय गोळी झाडता येत नाही.