‘सर, हे अजून उडतं का?’

पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात किंवा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ज्यांनी कधी शाळेची सहल नेली असेल, त्यांनी तेथे मांडलेले ‘मरुत’ हे लढाऊ विमान पाहिले असेल. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या संग्रहालयात तर अशा विमानांची रांगच उभी आहे. विमानाभोवती मुले जमली की कोणीतरी विचारतेच, “सर, हे अजून उडतं का?” आपण ‘नाही’ म्हणतो आणि रांग पुढे सरकवतो.

पण का नाही? विमान तर अख्खे दिसते आहे. रंग दिला, तेल घातले, इंजिन दुरुस्त केले तर काय हरकत आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की धातुशास्त्रापर्यंत जावे लागते. आणि वाटेत आपल्याच देशातली एक अशी हकीगत भेटते, जी आपल्या पाठ्यपुस्तकांत आलेली आम्ही तरी पाहिलेली नाही.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची ‘लिबरेटर’ जातीची अमेरिकन बनावटीची बाँबफेकी विमाने भारतात होती. चार इंजिने, पंखांचा विस्तार साडेतेहतीस मीटर. ही विमाने ब्रिटनला अमेरिकेच्या १९४१ च्या ‘लेंड-लीज’ कायद्याखाली मिळाली होती. म्हणजे एका अर्थी उसनीच. युद्धानंतर ती परत करायची, विकत घ्यायची किंवा मोडून टाकायची असा व्यवहार होता. परत घेण्यात अमेरिकेला रस नव्हता. अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बांधली गेली होती आणि ॲरिझोनातील किंगमनसारख्या ठिकाणी विमाने हजारोंनी वितळवली जात होती. तेव्हा कानपूरला आणून उभी केलेली विमाने तेथेच निकामी करण्यात आली. उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू ओतली, काही विमानांवर तर जड वाहने घातली. मग ते सांगाडे तसेच उन्हापावसात पडून राहिले.

१९४८ साली काश्मीरचे युद्ध चालू होते आणि भारताजवळ एकही मोठे बाँबफेकी विमान नव्हते. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीचे तंत्रज्ञ कानपूरला गेले. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचे शेपूट, तिसऱ्याची चाके असे जुळवत त्यांनी ही विमाने उभी केली. कानपूरला काम करायचे ते एवढेच, की विमान एकदा उडून बंगलोरला पोहोचेल. खरी दुरुस्ती तेथे होणार होती. तो एकदाचा प्रवास करून देणारे वैमानिक होते कंपनीचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी. अर्धवट दुरुस्त केलेले, कागदपत्रे नसलेले, आपल्याच लोकांनी मुद्दाम मोडलेले विमान घेऊन दीड हजार किलोमीटर जायचे आणि पुन्हा परतून पुढचे आणायचे! नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली विमाने हवाई दलाच्या ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली. पुढे एकूण चाळीसच्या आसपास विमाने अशी उभी राहिली.

हे कसे साधले? जिद्द वगैरे होतीच, पण नुसत्या जिद्दीने इंजिन चालत नाही. हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९४० साली सुरू केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने. (सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे तेच हे वालचंद.) युद्धकाळात हा कारखाना अमेरिकन हवाई सेनेच्या ताब्यात गेला आणि तेथे अमेरिकन विमाने व इंजिने यांची दुरुस्ती होऊ लागली. लिबरेटरचे इंजिन म्हणजे ‘ट्विन वास्प’. चौदा सिलिंडर दोन चकत्यांत ताऱ्यासारखे मांडलेले. डकोटा या मालवाहू विमानालाही याच कुळातले इंजिन असते. म्हणजे कानपूरला विमान अनोळखी दिसले तरी त्याचे हृदय बंगलोरच्या कामगारांनी अनेकदा उघडून पाहिलेले होते.

ही विमाने १९६८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, भारतीय हवाई दलात उडत राहिली; शेवटची वर्षे समुद्रावर टेहळणी करीत. तोपर्यंत जगात इतरत्र लिबरेटर जवळजवळ नाहीसे झाले होते. मग परदेशी संग्रहालयांना भारताची आठवण झाली. १९६९ साली एक लिबरेटर पुण्याहून उडत उडत अमेरिकेत ॲरिझोनातील टूसानला गेले. खोक्यांत भरून नव्हे, स्वतःच्या इंजिनांवर! १९७४ साली दुसरे एक असेच ब्रिटनला गेले आणि तेथील हवाई दलाच्या संग्रहालयात दाखल झाले. तिसरे सुटे करून १९८०च्या दशकात ब्रिटनमार्गे अमेरिकेत पोहोचले. कॉलिंग्ज फाउंडेशनने ते अनेक वर्षे खपून दुरुस्त केले आणि १९८९ साली ते पुन्हा उडाले. आज जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरांत कानपूरच्या ढिगातून निघालेल्यांचा वाटा मोठा आहे. ज्यांनी ती मोडली त्यांना ती शेवटी आपल्याकडून घ्यावी लागली, हे वाचताना गंमत वाटते खरी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विमान उभे राहिले म्हणून खराब होते, आणि उडाले म्हणूनही खराब होते. हे दोन वेगळे आजार आहेत.

दुसरा आजार आधी घेऊ, कारण तो वर्गात दाखवता येतो. कागदाला लावायची यू-पिन सरळ करा आणि मागेपुढे वाकवा. ठरावीक वेळा वाकवल्यावर ती तुटते, जरी कोणत्याही एका वेळी लावलेले बल तिला तोडण्याइतके नसते. याला धातूचा थकवा म्हणतात. थोड्याच कोनात वाकवली तर ती जास्त वेळा टिकते. कोन आणि वेळा यांचा आलेख मुलांकडून काढून घ्या. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून असाच आलेख मिळवला होता. त्यात पोलादाची एक गोष्ट लक्षात येते. ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर पोलाद जवळजवळ अमर्याद वेळा तो सोसते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी मर्यादा नाही. ताण कितीही लहान असो, प्रत्येक झोक्याची नोंद धातूत होतेच. उडताना पंख वर वाकतात, वाऱ्याच्या झोतांनी थरथरतात, उतरल्यावर खाली येतात. म्हणजे प्रत्येक उड्डाण विमानाच्या आयुष्यातून थोडे खर्च करते, आणि ते तेल घालून परत मिळत नाही.

मग डकोटासारखे १९३५ साली पहिल्यांदा उडालेले विमान आजही कसे उडते? त्या काळी ताणांचे हिशेब आजच्याइतके बारकाईने करता येत नसत, म्हणून आराखडा करणाऱ्यांनी हात सैल सोडला. पंखात एकाऐवजी अनेक तुळया घातल्या. एक तडकली तरी भार इतरांवर जातो. शिवाय डकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब वाढवलेला नसतो. १९५४ साली कॉमेट ही दोन जेट विमाने भूमध्य समुद्रावर फुटली ती याच कारणाने. दर उड्डाणाला फुग्यासारखे फुगणारे आणि आकसणारे केबिन थकले होते. अज्ञानापोटी दिलेली जाडी कधी कधी आयुष्य वाढवते, ती अशी.

पहिला आजार क्षरणाचा. आमच्या पाटणकडे, कोयनेच्या खोऱ्यात, श्रावणात कपाटातल्या चामडी चपलेवर बुरशी येते. तेथे एखादे विमान उघड्यावर ठेवले तर काय होईल? ॲल्युमिनियम गंजत नाही असे आपण शिकवतो. शुद्ध ॲल्युमिनियमपुरते ते ठीक आहे. विमानाचा पत्रा शुद्ध नसतो. १९०६ साली आल्फ्रेड व्हिल्म याला आढळले की ॲल्युमिनियमात सुमारे चार टक्के तांबे व थोडे मॅग्नेशियम मिसळून, तापवून पाण्यात बुडवले, की तो मिश्रधातू लगेच नव्हे, तर पुढच्या काही दिवसांत आपोआप कठीण होत जातो. हेच ड्युरॅल्युमिन. पण त्यातल्या तांब्यामुळे दमट, खाऱ्या हवेत सूक्ष्म विद्युत्‌घट तयार होतात आणि धातू कणांच्या सांध्यांतून पोखरला जातो, वरून चकचकीत आणि आतून वाळवी लागल्यासारखा. पोलादी बोल्टभोवती तर हे हमखास होते. दाबोळीच्या खाऱ्या वाऱ्यात विमाने नुसती उभी ठेवणे हेसुद्धा सोपे काम नाही.

ड्युरॅल्युमिनच्या याच सवयीमुळे कारखान्यात एक गमतीदार रिवाज आहे. काही प्रकारचे रिबिट तापवून थंड केल्यावर थेट बर्फाच्या पेटीत ठेवतात, कारण बाहेर राहिले तर तासाभरात ते ठोकता न येण्याइतके कठीण होऊ लागतात. थंडीत ही क्रिया मंदावते. भाजीसाठी नव्हे तर खिळ्यांसाठी शीतकपाट!

लाकडी विमानांची दुखणी निराळी. टायगर मॉथ या शिकाऊ विमानाचे पंख लाकडी फासळ्यांवर कापड ताणून केलेले असतात. जुन्या काळी लाकूड जोडायला केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा, डिंक वापरत. ओल आणि बुरशी यांना तो खाद्यच. १९४४ साली भारतातील लाकडी मॉस्किटो विमानांचे सांधे हवेत निखळून अपघात झाले आणि ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. बांधणीतील दोष आणि इथली हवा, दोघांचीही तेव्हा चर्चा झाली.

अशा विमानाला उडते ठेवायचे म्हणजे तडा शोधत बसणे. चहाच्या कपाला गेलेला केसासारखा तडा आपल्याला दिसतो केव्हा? चहा त्यात मुरून तो काळा झाल्यावर. विमानाच्या भागांवर रंगीत पातळ द्रव सोडून, पुसून, तडे असेच शोधतात. खोलातल्या तड्यांसाठी क्ष-किरण आणि श्राव्यातीत ध्वनी आहेत. ट्विन वास्पसारखे ताऱ्याच्या आकाराचे इंजिन उभे राहिले की तेल खालच्या सिलिंडरांत उतरते. तेल दाबले जात नाही, म्हणून तसेच सुरू केले तर दट्ट्याची दांडी वाकते. त्यामुळे चालू करण्यापूर्वी पंख्याची पाती हाताने फिरवून घ्यावी लागतात. अशा गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात. किती जोर लागला म्हणजे थांबायचे, हे मात्र हातालाच कळते. तो हात कोणाकडून तरी शिकावा लागतो.

येथे आपल्या देशाचा हिशेब थोडा दुखरा आहे. विमाने बाहेर गेली तशी विद्याही इथे विरळ झाली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस भारतात पडून असलेली अनेक स्पिटफायर ब्रिटनमध्ये गेली. त्यांतले बंगलोरहून गेलेले एमव्ही २९३ पुन्हा उडू लागले. आपल्या हवाई दलानेही जुन्या विमानांचे पथक ठेवले होते, पण ते मधल्या काळात थंडावले. ते पुन्हा जागे झाले ते २०१२ च्या हवाई दल दिनी टायगर मॉथ उडाले तेव्हा. त्या विमानाची दुरुस्ती ब्रिटनमध्ये करून घ्यावी लागली. कानपूरच्या ढिगातून चाळीस विमाने काढणाऱ्या देशाला एका टायगर मॉथसाठी बाहेर जावे लागले, याची खंत आम्हाला वाटते.

डकोटाची कथाही अशीच. राजीव चंद्रशेखर यांनी भंगारात निघालेले एक डकोटा घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करविले. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. एप्रिल २०१८ मध्ये ते कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्याने जामनगरला आले आणि मे महिन्यात हिंडनला दलात दाखल झाले. त्याचे नाव ‘परशुराम’ आणि क्रमांक व्हीपी ९०५. हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला शीख पलटणीचे जवान उतरविणाऱ्या डकोटाचा. विमान मात्र ते नव्हे. मग हे अस्सल की नक्कल? जुन्या वाड्याच्या तुळया, कौले, गिलावा सारे बदलल्यावर वाडा तोच म्हणायचा का, असाच हा प्रश्न आहे. उडत्या जुन्या विमानाला त्यातून सुटका नाही, कारण थकलेला भाग बदलायचा नाही म्हटले तर उडता येत नाही.

आणि न बदलता, किंवा निष्काळजीपणे, उडवले तर? २ ऑक्टोबर २०१९ रोजी कॉलिंग्ज फाउंडेशनचेच एक बी-१७ विमान प्रवासी घेऊन निघाले असता कनेक्टिकटमध्ये कोसळले व सात माणसे मेली. चौकशीत वैमानिकाच्या हाताळणीबरोबर इंजिनांच्या अपुऱ्या निगेचाही उल्लेख झाला. पुढल्या वर्षी संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी गेली. २०२२ मध्ये डॅलसच्या प्रदर्शनात दोन जुनी विमाने हवेत एकमेकांवर आदळून सहा जण दगावले. त्यामुळे ‘उडवूच नका’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही.

आमच्या मते विमानागणिक निर्णय करावा. टायगर मॉथ, हार्वर्ड, डकोटा ही साधी, भरपूर बांधली गेलेली, सुटे भाग मिळणारी विमाने जरूर उडवावीत, आणि त्यांची दुरुस्ती इथेच व्हावी. मरुत मात्र सारी मिळून १४७ झाली. ज्याचा सुटा भाग बनवणारा जगात कोणी उरला नाही, ते जमिनीवरच बरे.

पुढची सहल नेताना मुलांना एक काम द्या. विमानाला हात न लावता, रिबिटांच्या ओळी पाहायच्या. कोठे ओळ मोडली आहे, कोठे वेगळ्या आकाराचे ठिगळ आहे, कोठे बोल्टभोवती रंग फुगून पांढरी भुकटी दिसते आहे, हे वहीत काढायचे. ठिगळ म्हणजे विमान उडत असताना कोणीतरी केलेली दुरुस्ती. भुकटी ते थांबल्यानंतरची.