परक्या जमिनीवरचीं घरें

मुरबाडाहून कर्जताकडे जाणाऱ्या वाटेवर म्हसा हें गांव आहे. पौष पौर्णिमेस तेथें खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. एरवीं मोकळ्या असणाऱ्या माळावर बैलांचा मोठा बाजार लागतो, बांबू आणि कापड यांचीं दुकानें ओळीनें उभीं राहतात, आणि पाहतां पाहतां एक नवें गांव वसतें. यात्रा उलगली कीं तें गांव उठतें आणि माळ पुन्हां माळ होतो. याचें कोणास वाईट वाटत नाहीं. कारण जागा दुसऱ्याची आणि मुक्काम थोड्या दिवसांचा, हें दुकानदारानें पहिली मेख ठोकतांनाच ओळखलेलें असतें.

परंतु एखाद्यानें अशा पालालाच कायमचें घर समजून त्यांत आपलीं टिपणें, आपलीं छायाचित्रें आणि आयुष्यभराचा छंद मांडून ठेवला तर काय होईल? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. गेल्या तीस वर्षांत इंटरनेटवर लक्षावधि लोकांनीं नेमकें हेंच केलें. विनामूल्य मिळालेल्या जागेंत त्यांनीं आपलीं संकेतस्थळें बांधलीं, आणि एके दिवशीं माळाच्या मालकानें यात्रा संपल्याची दवंडी पिटली. आज ज्या कोणास आपल्या छंदासाठीं अशी जागा निवडावयाची असेल, त्याला हा इतिहास माहीत असणें अगत्याचें आहे.

संकेतस्थळ म्हणजे मुळांत कांहीं पानांची चळत. तीं पानें जगाला केव्हांहि वाचतां यावींत म्हणून अशा संगणकावर ठेवावीं लागतात कीं, जो रात्रंदिवस चालू असून जगाशीं जोडलेला असेल. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. त्याला वीज लागते, तार लागते, देखरेख करणारा मनुष्य लागतो. आणि या साऱ्याचा खर्च कोणी तरी सोशीतच असतो. म्हणून विनामूल्य जागा म्हणजे खर्च नसलेली जागा नव्हे; खर्च दुसरा कोणी करीत असलेली जागा होय. तो दुसरा कोण, आणि तो खर्च कां करतो, या दोन प्रश्नांभोंवतीं हा सारा इतिहास फिरतो.

स्वित्झर्लंडांतील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं निर्माण केलेलें वर्ल्ड वाइड वेब १९९१ मध्यें बाहेरच्या जगास दिसूं लागलें. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें आपला हक्क सोडून तें सर्वांच्या स्वाधीन केलें. या नव्या जगांतील पहिला आश्रयदाता विद्यापीठ हाच होता. अध्यापकांस आणि विद्यार्थ्यांस आपल्या संस्थेच्या सर्व्हरवर थोडी जागा मिळे. आपल्याकडे १९८६ मध्यें सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यांत जुहूची एन. सी. एस. टी. ही संस्था आणि पवईची आय. आय. टी. यांचा समावेश होता. हा आश्रय निर्लोभ होता खरा, परंतु तो उंबऱ्याच्या आंतील मंडळींपुरताच होता. पदवी हातीं पडली, किंवा नोकरी बदलली, कीं पानांचा आधार सुटे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांतील सामान्य नागरिकांस इंटरनेट खुलें केलें. त्या वेळचे दर वर्षाला हजारों रुपयांचे होते, आणि टेलिफोनच्या तारेवरून एकेक पान रांगत येई. नोव्हेंबर १९९८ मध्यें खासगी कंपन्यांस या धंद्याची मुभा मिळाली आणि वाचकांची संख्या वाढली. त्यांतील कांहींना आपणहि कांहीं लिहावें असें वाटूं लागलें. परंतु परदेशी चलनांत भाडें भरून सर्व्हरवर जागा घेणें पुष्कळांच्या आवांक्याबाहेरचें होतें. अशांना अमेरिकेंतील कांहीं कंपन्यांनीं मोफत जागेचें आमंत्रण दिलें.

त्यांत अग्रगण्य म्हणजे जिओसिटीज. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनीं १९९४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियांत ही कंपनी स्थापिली आणि पुढल्याच वर्षीं मोफत घरें वाटावयास आरंभ केला. घरें हा शब्द येथें सार्थ आहे. कारण या नगरांत आळ्या होत्या आणि प्रत्येक घरास क्रमांक होता. चित्रपटाच्या शौकिनांनीं ‘हॉलिवुड’ आळींत राहावें, शिक्षण आणि तत्त्वज्ञान यांच्या उपासकांनीं ‘अथेन्स’मध्यें, आणि डोंगर भटकणारांनीं ‘योसेमिटी’मध्यें. माहुलीच्या किंवा सिद्धगडाच्या वाटा सांगूं इच्छिणाऱ्यास योसेमिटींतच बिऱ्हाड मिळालें असतें. १९९२ मध्यें विल्यम्स कॉलेजच्या परिसरांत जन्मलेलें ट्रायपॉड आणि १९९६ मधील अँजलफायर हीं याच तऱ्हेचीं दुसरीं नगरें होतीं.

या घरांचें भाडें पैशांत नव्हे, जाहिरातींत वसूल होई. ट्रायपॉडची एक हकीगत येथें सांगण्याजोगी आहे. पानावर काय मजकूर असेल याचा भरंवसा नसल्यामुळें जाहिरातदार आपलें नांव त्या शेजारीं लावावयास कचरत. तेव्हां तेथील एक कर्मचारी ईथन झुकरमन यांनीं जाहिरात पानावर न लावतां वेगळ्या खिडकींत उघडण्याची युक्ति काढली. पुढें या उपटसुंभ खिडक्यांनीं जगाला भंडावून सोडलें आणि २०१४ मध्यें झुकरमन यांनीं त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. जागाहि मोजून मिळे. याहूच्या अमलांत जिओसिटीजवरील मोफत घराचें क्षेत्रफळ १५ मेगाबाईट एवढेंच होतें, आणि तासाभरांत ठराविक मापापेक्षां अधिक पाहुणे आले तर दार कांहीं काळ आपोआप बंद होई. चांगल्या छायाचित्रांची कीर्ति पसरावी आणि नेमक्या त्याच वेळीं तीं दिसेनाशीं व्हावींत, असा हा प्रकार होता.

मराठी लेखकास आणखी एक अडचण सोसावी लागे, ती लिपीची. देवनागरीला युनिकोडांत १९९१ मध्येंच स्थान मिळालें होतें. परंतु घरगुती संगणकांवर तें प्रत्यक्ष उतरावयास विंडोज २००० आणि विंडोज एक्सपी यांची वाट पाहावी लागली. तोंवर प्रत्येक फॉन्टाची अक्षरांची मांडणी निराळी होती. लेखकानें वापरलेला फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसला, तर ज्ञानदेवांवरील लेखाच्या जागीं रोमन अक्षरांचा अर्थहीन चिवडा दिसे. १ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या कार्यांनीं युनिकोडाचा मार्ग रूढ केला, तेव्हां कोठें ही अडचण हळूहळू सरली.

मोफत घराचा मालक कोण, हा प्रश्न १९९८ मध्यें प्रथम ऐरणीवर आला. रहिवाशांनीं नोंदणीच्या वेळीं दिलेली खासगी माहिती इतरांच्या हातीं गेल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें जिओसिटीजवर कारवाई केली आणि ती तडजोडीनें मिटली. जानेवारी १९९९ मध्यें याहूनें साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक किंमतीस जिओसिटीज विकत घेण्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं नवे नियम आले. रहिवाशांच्या मजकुराचा हवा तसा उपयोग करण्याचा कायमचा अधिकार त्या नियमांनीं कंपनीकडे जात होता. तेव्हां रहिवासी खवळले. पुष्कळांनीं आपलीं पानें काढून घेतलीं. आणि थोड्याच दिवसांत कंपनीला तें कलम बदलावें लागलें. रहिवाशांचा हा विजय लहान नव्हता. परंतु जमीन कोणाची, हा प्रश्न त्यानें सुटला नाहीं.

तो दहा वर्षांनीं सुटला. एप्रिल २००९ मध्यें याहूनें जिओसिटीज बंद करण्याचें घोषित केलें आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजीं तें बंद केलें. जपानी शाखा तेवढी ३१ मार्च २०१९ पर्यंत राहिली. कोट्यवधि पानें होतीं. कोणी मुलांचीं चित्रें लावलीं होतीं, कोणी नाणीं, कोणी मेलेल्या बापाची आठवण. ज्यांनीं वेळेवर ऐकलें त्यांनीं सामान हलविलें. पुष्कळांना तर आपला परवलीचा शब्दहि आठवत नव्हता. आणि कांहीं घरांचे धनी या जगांतच उरले नव्हते. त्यांच्या वतीनें धांवून आले ते परकेच. ब्रूस्टर केल यांनीं १९९६ मध्यें स्थापिलेलें इंटरनेट आर्काइव्ह आणि जेसन स्कॉट यांच्या पुढाकारानें जमलेली आर्काइव्ह टीम ही स्वयंसेवकांची मंडळी, यांनीं शक्य तितकीं पानें उतरवून घेतलीं. आर्काइव्ह टीमनें २०१० मध्यें सुमारें ६४० गिगाबाईटांचा तो संग्रह सर्वांस खुला केला. परंतु जुन्या फॉन्टांत लिहिलेलें एखादें मराठी पान अशा संग्रहांत सांपडलें, तरी तो फॉन्ट हातीं असल्यावांचून तें वाचतां येत नाहीं. घर वांचलें, पण त्यांतील माणसाचा आवाज गेला, असें हें दु:ख आहे.

यावरून मोफत जागा घेऊंच नये असा निष्कर्ष काढणें मात्र चुकीचें होईल. मोफत जागा नसती, तर गरिबाचा छंद त्याच्या वहींतच राहिला असता. म्हशाच्या यात्रेंत पाल ठोकणारा मूर्ख नसतो. तो फक्त आपलें भांडवल पालांत ठेवून घरीं जात नाहीं. १९९९ मध्यें निघालेलें आणि २००३ मध्यें गूगलनें घेतलेलें ब्लॉगर, २००५ मधील वर्डप्रेस डॉट कॉम, २००८ मधील गिटहब पेजेस आणि जुन्या जिओसिटीजच्या आठवणीनें काइल ड्रेक यांनीं २०१३ मध्यें काढलेलें निओसिटीज, अशीं नवीं नगरें मागाहून वसलीं. त्यांतून निवड करतांना प्रवेशाचें दार किती रुंद आहे हें पाहण्यापेक्षां बाहेर पडण्याचें दार आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

म्हणजे कसें? सर्व्हरचा खर्च कोण आणि कशासाठीं करतो, याचें समजण्याजोगें उत्तर मिळालें पाहिजे. जेथें तें मिळत नाहीं, तेथें भाडें मागाहून निराळ्या रूपानें द्यावें लागतें. आपलीं सर्व पानें एकगठ्ठा उतरवून नेण्याची सोय असली पाहिजे, आणि ती पहिल्याच महिन्यांत एकदां करून पाहिली पाहिजे. मूळ प्रत नेहमीं आपल्या घरीं असावी आणि सर्व्हरवर फक्त तिची नक्कल. मजकूर युनिकोडांतच असावा. छायाचित्रांखालीं गांव आणि तारीख लिहिलेली असावी, म्हणजे तीं इतरत्र नेलीं तरी मुकीं होणार नाहींत. आणि जमल्यास पत्ता तेवढा स्वत:च्या नांवानें विकत घ्यावा. २०१४ पासून तर ‘भारत’ या देवनागरी प्रत्ययाचे पत्तेहि मिळूं लागले आहेत. जागा मोफत असो, पत्ता आपला असला कीं बिऱ्हाड बदललें तरी पाहुणे चुकत नाहींत. या पत्त्याचें भाडें मात्र दर वर्षीं न विसरतां भरावें लागतें, आणि तें आपल्यामागें कोण भरील हेंहि घरांत सांगून ठेवावें लागतें.

याच मुरबाड तालुक्यांतून नाणेघाटाची चढण लागते. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. तो सुमारें दोन हजार वर्षें तेथें आहे. त्याचीं कांहीं अक्षरें झिजलीं, पण उरलेलीं वाचतां येतात. खडकाची जागा त्या काळीं फुकट मिळाली नव्हती. टांकीचा घाव आणि राजाची तिजोरी त्यासाठीं खर्ची पडली होती. जिओसिटीजचीं घरें पंधरा वर्षेंहि टिकलीं नाहींत. साध्या माणसाच्या छंदास खडक मिळत नाहीं, त्यानें पालांतच मांडावें. परंतु यात्रा उठेल तेव्हां काय उचलून न्यावयाचें, हें त्यानें मेख ठोकतांनाच ठरवून ठेवावें.