सावकारी पाश : शेतकऱ्याची व्यथा मांडणारा मूकपट, आज एकही प्रत नाही

कर्जापायी जमीन सावकाराच्या घशात गेली आणि शेतकरी गाव सोडून शहरात गिरणी कामगार झाला. आजही ओळखीची वाटणारी ही गोष्ट कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ या मूकपटातून पडद्यावर आणली. पण आज हा चित्रपट कुणालाच पाहता येत नाही. त्याची प्रत शिल्लक नाही.

कुणी बनवला?
बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवायचे म्हणून ‘पेंटर’ हेच नाव पडले. त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. सुरुवातीचा कॅमेराही घरच्या घरीच तयार केला. ‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरी आपटे यांची होती. तरुण शेतकरी रंगवला व्ही. शांताराम यांनी, तर सावकार झाले होते झुंझारराव पवार.

वेगळेपण काय?
तेव्हा पडद्यावर देव आणि राजे-महाराजेच दिसायचे. साधा शेतकरी नायक झाला, ही मोठी गोष्ट होती. विषयही हवेतला नव्हता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावातून सावकारांविरुद्ध उठाव सुरू झाला आणि शेतकऱ्यांनी कर्जाची कागदपत्रे जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी इंग्रज सरकारला कायदा करावा लागला. तरीही ५० वर्षांनी पडद्यावर सावकाराचा फास दाखवण्याची वेळ आलीच. पौराणिक चित्रपटांची सवय असलेल्या प्रेक्षकांत हा चित्रपट फारसा चालला नाही. पुढे १९३६ मध्ये पेंटर यांनी याच नावाने बोलपट काढला.

फिल्म गेली कुठे?
त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. ती चटकन पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. गरम, दमट जागेत ती चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. बोलपट आले तशी मूकपटांची किंमत संपली. अनेक रिळे तर त्यातली चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. देशात सुमारे १,३०० मूकपट बनले. त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले. चित्रपट जपणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झाले, तोवर उशीर झाला होता.

जुना डबा सापडला तर?
गावात कुणाच्या माळ्यावर, तंबू टॉकीजच्या जुन्या सामानात फिल्मचा पत्र्याचा डबा असेल तर भंगारात घालू नका. विडी, चूल, दिवा यांपासून लांब, थंड जागी ठेवा. रीळ ओढून उलगडू नका, उन्हात वाळवू नका. पुण्यातील लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. डब्यावर नाव नसले तरी कळवा. आत काय आहे, हे तिथले जाणकार तपासू शकतात.