राख, चिंच आणि रिठा

संपादिकाबाईंनी घरगुती स्वच्छतेच्या इतिहासावर लिहावयास सांगितले, तेव्हा मला हसूच आले. इतिहास राजांचा असतो. खरकट्या भांड्यांचा कसला इतिहास! पण काही वर्षांपूर्वी आमच्या घरी घडलेली गोष्ट आठवली आणि हसू मावळले.

दिवाळीची साफसफाई चालली होती. सूनबाईने संडासात अ‍ॅसिड ओतले, डाग जाईनात म्हणून त्यावरच ब्लीचिंगचे पाणी ओतले. क्षणात असा उग्र वास सुटला की ती खोकत, डोळे पुसत बाहेर धावली. दारेखिडक्या उघडल्या, तिला गच्चीवर नेले, तेव्हा कोठे तिला श्वास घेता येऊ लागला. ही दोन द्रव्ये एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र गावापाशी सैनिकांवर सोडला, तोच हा वायू!

मी 1971 साली लग्न होऊन बाळकुमला आले. आज जेथे उंच इमारती दिसतात, तेथे तेव्हा भातशेती होती. मागील दारी नारळाच्या काथ्याने भांडी घासताना सासूबाईंनी मला पहिला धडा दिला : "तेलकटाला राख, तांब्यापितळेला चिंच. आधी चिंच लाव, मग धू, मग राख घे. दोन्ही एकदम कालवशील तर दोन्ही फुकट!"

सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांचे म्हणणे रसायनशास्त्राला धरून होते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो तेलकटपणा सोडवतो. चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळपटपणा विरघळवते. क्षार व आम्ल एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. हल्ली व्हिनेगर व खाण्याचा सोडा एकत्र करून फसफस पाहण्याची हौस आहे. फसफस छान दिसते, पण मागे उरते ते बहुतांशी खारट पाणी!

रेशमी लुगडी आणि दागिने यांना मात्र रिठा. त्यातील सॅपोनिनमुळे फेस होतो आणि विहिरीच्या जड पाण्यातही साबणासारखा साका धरत नाही. चरबीच्या भीतीने पूर्वी कित्येक घरांत साबण वर्ज्य होता. 1918 साली गोदरेजचा वनस्पती तेलाचा 'चावी' साबण निघाला. पुढे 1959 साली सर्फ आणि 1969 साली निरमा आली. रिठ्याची बरणी हळूहळू फडताळात मागे गेली.

भगिनींनो, ती पुन्हा पुढे आणा. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, सकाळी पंधरा मिनिटे उकळाव्या, कुस्करून गाळावे. पाणी दोन-चार दिवसांतच खराब होते, म्हणून थोडेच करावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये; फार झोंबते. चिंच-लिंबू संगमरवराला लावू नये, चकाकी जाते.

जुने ते सगळेच सोने, असे मी म्हणणार नाही. घरात हगवण-उलटीचा आजारी असेल तर जंतू मारण्यास ब्लीचिंगचे पाणीच लागते. मात्र ते एकटेच वापरावे. कशाला काय लावावे आणि कशात काय मिसळू नये, हे सासूबाईंना ठाऊक होते. मी ते सूनबाईला वेळेवर सांगितले नाही, ही माझीच चूक. म्हणून आज येथे लिहून ठेवले.